बापूकाका क्रमशः

फेब्रुवारी सरत आला की पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये एकेक आंबेवाला जागा होतो. कुणाची देवगडला स्वतःची बाग असते, कुणाच्या मेहुण्याची रत्नागिरीला कलमं असतात, कुणाचा नुसताच कोकणात ये-जा करणारा टेम्पोवाला ओळखीचा असतो. 'घरचा आंबा आहे' हे सगळ्यांचं समान वाक्य. ही मंडळी मार्च ते मे आंबा विकतात आणि पाऊस पडला की पुन्हा चारचौघांसारखी वागू लागतात. आमच्या बी विंगमधले, दुसऱ्या मजल्यावरचे बापूकाका त्यांच्यातलेच. फक्त ते पावसाळ्यातही थांबत नाहीत. कारण बापूकाका खरं म्हणजे आंबा विकत नाहीत. ते आंब्याविषयी लिहितात, आणि लिहायला मिळावं म्हणून आंबा विकतात.

नोकरी वीज मंडळात, हिशेब खात्यात. आयुष्यभर जे काही लिहिलं ते 'वरील विषयास अनुसरून' सुरू झालं आणि 'आपला विश्वासू'वर संपलं. निवृत्त झाल्यावर गावच्या सामाईक बागेतल्या वाट्याच्या पेट्या पुण्याला येऊ लागल्या. बाग पुतण्या बघतो. पहिल्या वर्षी काकांनी त्या नातेवाइकांत वाटल्या. दुसऱ्या वर्षी पुतण्या म्हणाला, "वाटताय कशाला, विका की!" मग बेंगळुरूच्या मुलीने सुट्टीत येऊन त्यांच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपचं ते व्यवसायवालं ॲप घालून दिलं. त्यात कुणी निरोप पाठवला की आपोआप उत्तर जायची सोय असते. पहिला निरोप काकूंचा होता : 'येताना कोथिंबीर आणा.' लगेच उत्तर आलं : 'नमस्कार! आपल्या चौकशीबद्दल आभार. आमचे प्रतिनिधी लवकरच आपल्याशी संपर्क साधतील.' प्रतिनिधी तासाभराने कोथिंबिरीशिवाय घरी आले.

मुलीने सांगितलं होतं, बाबा, दोन ओळी लिहायच्या. हापूस आलाय, भाव अमुक, फोन तमुक. काका रात्री जेवण आटोपून टेबलाशी बसले आणि अफोंसो द अल्बुकर्कपासून निघाले. १५१० साली पोर्तुगिजांनी गोवा घेतलं, त्यांच्या पाद्र्यांनी कलमं बांधायला सुरुवात केली, अफोंसोचा अल्फोन्सो झाला, अल्फोन्सोचा हापूस झाला, असं करत करत ते देवगडच्या कातळावर पोहोचले तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि भाव लिहायचा राहिलाच होता. शेवटी त्यांनी खाली 'क्रमशः' लिहिलं आणि झोपले.

त्या रात्रीपासून ते क्रमशः झाले ते झालेच. 'हापूस : एक शोध, भाग ४ (७ पैकी)' अशा मथळ्याच्या पोस्टी आमच्या फोनवर येतात. भाग तीन आपल्याला मिळालेलाच नसतो. विचारायची सोय नाही, कारण विचारलं की भाग एकपासून सगळे मिळतात. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांवर काकांनी पाच भाग लिहिले. पालघरच्या भागात तर पालघरच्या लोकांनाही नवीन वाटेल एवढी माहिती होती. आंबा मात्र देवगडचाच मिळणार होता, आणि तो मिळतो कुठे हे शेवटच्या ओळीत होतं.

ही शेवटची ओळ म्हणजे बापूकाकांचा आणि त्यांच्या मुलीचा जुना वाद. फोनवर लांब मजकूर आला की खाली 'आणखी वाचा' असं येतं आणि पुढचं सगळं त्याच्या पोटात जातं. काकांचा नंबर नेहमी पोटात. मुलगी म्हणते, बाबा, नंबर वर टाका, शेवटपर्यंत कुणी जात नाही. काका दुखावतात. "लेखाच्या डोक्यावर फोन नंबर? ज्ञानेश्वरांनी टाकला होता का?" मुलगी म्हणते, ज्ञानेश्वरांना पेट्या खपवायच्या नव्हत्या. यावर काका जे गप्प बसतात, त्याचा अर्थ मला आता कळू लागलाय. पेट्या खपवायच्या आहेत याची आठवण त्यांना फारशी आवडत नाही.

मध्यंतरी त्यांनी एक शिबिर केलं. 'समाजमाध्यमांतून व्यवसायवृद्धी', शनिवार-रविवार, चहा-जेवणासह. तिथून एक फाइल, एक पेन आणि पाच-सहा शब्द घेऊन आले. आता जिन्यात भेटले की पूर्वीसारखं 'काय म्हणतंय ऑफिस?' असं विचारत नाहीत. "रीच पडलाय हो," म्हणतात. आवाज असा, की ऐकणाऱ्याला वाटावं घरात कुणाला ताप आहे. "परवाच्या पोस्टीला चांगला होता. कालपासून एकदम बसला. अल्गोरिदम बदललेला दिसतोय." शिबिरात कुणीतरी सांगितलं की ऑरगॅनिक रीच कमी झाला आहे, आता पैसे भरल्याशिवाय पोस्ट लोकांपुढे जात नाही. काकांनी हात वर करून विचारलं होतं म्हणे, "आमचा आंबा शंभर टक्के ऑरगॅनिक आहे, मग रीच का नाही?" वर्ग हसला. काकांना त्यात हसण्यासारखं काय होतं ते अजून कळलेलं नाही, आणि ते आम्हाला अधूनमधून विचारतात.

शिबिराने आणखी एक सूत्र दिलं : ऐंशी टक्के माहिती द्या, वीस टक्के विक्री करा. काकांनी ते अठ्ठ्याण्णव-दोनवर नेलं, आणि उरलेल्या दोनातही एक टक्का शुभेच्छा असतात.

पण चिकाटी विचाराल तर त्यांची. व्हॉट्सॲपवर एकाच वेळी २५६ जणांना निरोप पाठवायची ब्रॉडकास्ट यादी करता येते. त्यात एक मेख आहे : समोरच्याने आपला नंबर साठवून ठेवला असेल तरच निरोप त्याच्यापर्यंत जातो. हे कळल्याबरोबर काकांनी सोसायटीत मोहीमच काढली. लिफ्टमध्ये, दूध केंद्रावर, गणपतीच्या आरतीत, प्रसाद हातात पडायच्या आधी : "माझा नंबर सेव्ह आहे ना तुमच्याकडे? दाखवा बरं." माणूस गडबडतो, फोन काढतो. काका मान वाकडी करून बघतात. कुणाकडे 'बापूकाका' असतं, कुणाकडे नुसतं 'आंबा', कुणाकडे 'बी २०३ गळती' (ती एक जुनी हकीकत आहे). ए विंगमधल्या एका तरुण मुलाकडे 'आंबा, उचलू नये' असं निघालं. बिचारा पांढराफटक पडला. काका शांतपणे म्हणाले, "नाव काही का असेना. सेव्ह आहे ना? मग पोचतो मी."

सोसायटीचा ग्रुप हा मात्र नाजूक विषय. तो पाण्याच्या टँकरसाठी आणि चुकीच्या जागी लावलेल्या गाड्यांसाठी आहे, तिथे व्यवसायाच्या जाहिराती चालणार नाहीत, असा सचिवांचा ठराव आहे. काकांनी ठरावाचा कधी भंग केला नाही. त्यांनी जनजागृती केली. 'सर्व सभासदांच्या आरोग्यासाठी : आंबा पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यास कायद्याने बंदी आहे. कार्बाइडचा आंबा कसा ओळखावा?' त्याखाली मुद्देसूद माहिती. सगळीकडून सारखा पिवळा दिसतो पण वास नाही, बाहेरून पिकलेला पण आत कोयीजवळ आंबट. आणि खाली : 'शंकासमाधान, बी विंग, दुसरा मजला, सायंकाळी ५ ते ८.' सचिवांनी तीन वेळा वाचलं, आक्षेप कुठे घ्यावा ते सापडेना. शेवटी त्यांनीच दोन डझन घेतले.

एकदा मात्र पंचाईत झाली. पहिल्या मजल्यावरचे आजोबा गेले. ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली, हात जोडलेले, फुलं, दिवे. त्या रांगेत सकाळचे सव्वासहा झाले आणि रात्रीच लिहून ठेवलेली काकांची पोस्ट सवयीने येऊन पडली : 'आला आला, पहिला तोडा आला!' खाली आंब्याचे सात इमोजी. ग्रुप थिजला. काकांच्या लक्षात आलं, त्यांनी पुसायला घेतलं, गडबडीत ती फक्त स्वतःच्या फोनवरून पुसली गेली, सगळ्यांच्या फोनवर तशीच राहिली. मग पाच मिनिटांनी त्यांचा दुसरा निरोप आला : 'आजोबांना हापूस फार आवडत असे.' हे खरं होतं. आजोबांच्या सुनेनेच खाली लिहिलं, 'हो काका, शेवटपर्यंत.' तेराव्याला पेटी गेली. काकांनी पैसे घेतले नाहीत.

रात्री झोपण्यापूर्वी त्यांचा एक कार्यक्रम असतो. आपण ग्रुपवर टाकलेला निरोप दाबून धरला की कुणी वाचला, कुणाला नुसता पोहोचला, याची यादी दिसते. काका चष्मा कपाळावर चढवून ती यादी हजेरी घेतल्यासारखी वाचतात. काकू शेजारी शेंगा सोलत असतात. "देशमुखांनी वाचलं. साडेनऊला वाचलं. बोलले नाहीत." "जेवत असतील." "वाचायला वेळ आहे, अंगठा दाखवायला नाही." "हात खरकटा असेल." या संवादात काकू कायम आमच्या बाजूने असतात, हे मला वाटतं सोसायटीतल्या प्रत्येकाने लक्षात ठेवायला हवं. दुसऱ्या दिवशी काका देशमुखांना गाठतात आणि काही झालंच नाही अशा सुरात विचारतात, "कालचं वाचलंत का?" देशमुख म्हणतात, "वा! छान होतं." "कुठला भाग आवडला?" इथे भले भले घसरतात. अनुभवी माणसं 'मोहोराचा' असं सांगून सुटतात, कारण मोहोर प्रत्येक भागात असतो.

फेसबुकची तऱ्हा वेगळी. तिथे काकांचं पेज आहे. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकने जाहीर केलं की यापुढे धंदेवाल्यांच्या पेजपेक्षा घरच्यांच्या आणि मित्रांच्या पोस्टना आधी जागा मिळेल. पुष्कळ दुकानदार हबकले. काका म्हणाले, "एवढंच ना? मग सगळ्यांचा मित्र होतो." आठवडाभरात त्यांची विनंती दूधवाल्याला, केबलवाल्याला, माझ्या सासूबाईंना आणि त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना गेली.

पेजवर पहिलं लाइक नेहमी काकांचं स्वतःचं. दुसरं काकूंचं. काकूंचं खातं काकाच चालवतात. काकू आत पोळ्या लाटत असतात आणि बाहेर फेसबुकवर त्यांची प्रतिक्रिया उमटते : 'अतिशय अभ्यासपूर्ण लेख. आंबेही अप्रतिम!' त्याखाली काकांचं उत्तर : 'मनःपूर्वक धन्यवाद, ताई.' घाईत आपण कुणाच्या खात्यात आहोत याचं भान सुटतं, आणि एकदा काकूंनी काकूंनाच 'लोभ असू द्यावा' लिहिलं होतं.

एकदा त्यांनी जाहिरातीला पैसेही भरले. पाचशे रुपये. जाहिरात कुठल्या भागातल्या लोकांना दाखवायची असं फेसबुक विचारतं. काकांनी प्रामाणिकपणे 'देवगड' लिहिलं, कारण आंबा देवगडचा. तीन दिवस देवगड तालुक्यातल्या प्रत्येक फोनवर 'अस्सल देवगड हापूस घरपोच' झळकत होतं. भरघोस प्रतिसाद आला. 'आमच्याकडेय आंबे आसत, घेतास काय?' अशा अर्थाचे बरेच. पुतण्याचा फोन आला तो वेगळाच. काका मात्र खूश होते. "एंगेजमेंट बघ," म्हणाले. "एवढी कधीच नव्हती."

इन्स्टाग्रामवर त्यांना तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजकन्येने आणलं. ती म्हणाली, आजोबा, रील करू, पहिल्या तीन सेकंदांत हुक पाहिजे. काका म्हणाले, पेटीला हुक नसतो, पट्टी असते. मग शूटिंग झालं. 'नमस्कार, सर्वप्रथम सर्व रसिकांना माझा प्रणाम' इथेच पंधरा सेकंद गेले, आंबा कापेपर्यंत अल्बुकर्क गोव्यात उतरला होता. तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, तो कापू नका, तो उद्याचा आहे!" पोरीने तेवढाच तुकडा ठेवला. तो जरा चालला. लोक खाली विचारत होते, आजी कोण आहेत, आजींना पुढे आणा. काकांनी त्याला तीस हॅशटॅग लावले होते, कारण तेव्हा तीस लावता येत असं कळलं होतं. त्यात हापूस होता, देवगड होता, मराठी अस्मिता होती, आणि जागा उरली म्हणून 'योगासने'ही होतं.

'तो उद्याचा आहे' हे वाक्य कळायला त्यांच्या घरी एकदा एप्रिलमध्ये जायला हवं. दार उघडायच्या आधीच जिन्यात वास येतो. हॉलमधला सोफा भिंतीला सरकलेला, दिवाणाखाली पेट्या, आतल्या खोलीत जमिनीवर भाताच्या पेंढ्याची अढी. संध्याकाळी काकू तिथे पाटावर बसतात. एकेक आंबा उचलतात, नाकाशी नेतात, अंगठा देठाजवळ हलकेच टेकवतात. दाबत नाहीत, नुसता टेकवतात. आणि डावीकडे, मधे किंवा उजवीकडे ठेवतात. आजचा, उद्याचा, परवाचा. डाग लागलेला वेगळा, तो घरच्या रसाला. बोलणं चालू असतं, हात थांबत नाही, आणि आंबा चुकीच्या ढिगात जात नाही. त्याच वेळी खिडकीपाशी काका दोरीवरचे परकर बाजूला सारून 'नैसर्गिक प्रकाशा'त तीन आंबे मांडत असतात. शिबिरात सांगितलेलं असतं की फळावर पाण्याचे थेंब असले की फोटो ताजा दिसतो. काका इस्त्रीच्या बाटलीतून पाणी मारतात. काकू मान वर न करता म्हणतात, "पाणी लागलेले तीन तुम्हीच खायचे आहेत." काका हे तिन्ही आंबे दर संध्याकाळी निमूटपणे खातात. त्यांच्या साखरेच्या रिपोर्टला समाजमाध्यमंच जबाबदार आहेत.

काकूंची विक्री म्हणजे एक लांब वही आणि एक फोन. मार्चमध्ये दोन दुपारी त्या फोन घेऊन बसतात. "हं, वन्सं, यंदा दोन का तीन? बरं. गुडघा कसा आहे?" झालं. गुडघा, बाळंतपण, नातवाची दहावी, सगळं विचारून होईपर्यंत वहीचं पान भरतं. पुतण्याकडून गाडी निघायच्या आत पेट्या बोलून झालेल्या असतात. गेल्या कित्येक वर्षांत काकांच्या पोस्टीवरून एक तरी पेटी गेली का, हा प्रश्न घरात कुणी काढत नाही. काका मात्र पेटी न्यायला आलेल्या प्रत्येकाला दारातच विचारतात, "पोस्ट वाचून आलात ना?" माणसं चांगली आहेत. 'हो' म्हणतात.

जून ते फेब्रुवारी आंबा नसतो. पण शिबिरात 'सातत्य' या शब्दाखाली दोन रेघा मारलेल्या होत्या. म्हणून जुलैत 'पावसात न्हालेलं कलम', ऑगस्टमध्ये 'कोयीचे औषधी उपयोग', शिक्षक दिनाला 'आंबा : माझा गुरू'. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये थंडी पडली की पुतण्या मोहोराचे फोटो पाठवतो आणि काका अक्षरशः बदलतात. त्या दिवसांतल्या पोस्टी, खरं सांगतो, वाचाव्या अशा असतात. ढग आले की बागायतदाराच्या पोटात कसा गोळा येतो, तुडतुडे आणि फुलकिडे मोहोर कसा खातात, फवारणीचा खर्च, अवकाळी एक सर पडली की मोसमाचं काय होतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'नूतन झेल्या'ने आंबा देठासकट कसा अलगद उतरतो आणि देठ राहिला की चीक फळावर का पडत नाही. लहानपणी झाडावर चढलेला माणूस त्या ओळींत दिसतो. पण त्या पोस्टींना लाइक कमी. आंबा नसताना आंब्याचं कोण वाचतं?

मग गेल्या मोसमात साक्याचं प्रकरण घडलं.

साका म्हणजे हापूसचा शाप. फळ बाहेरून पिवळंधमक, वास सुरेख, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा, आंबटढोण गर. बाहेरून कळायला मार्ग नाही. फळ झाडावर जास्त पक्व झालं, उतरवल्यावर तापलेल्या कातळावर, उन्हात राहिलं, की हा धोका वाढतो. साका निघाला तर प्रत्येक आंबेवाला गुपचूप बदलून देतो आणि विषय वाढू देत नाही. काकांच्या एका पेटीत तीन साके निघाले. गिऱ्हाइकाने खासगीत फोटो पाठवला. काका जाऊन सहा आंबे देऊन आले, आणि रात्री बसून त्यांनी लिहिलं : 'आज आमच्याच पेटीत साका निघाला.' गिऱ्हाइकाचा तो फोटो, मधोमध कापलेला, पांढरा भाग बाणाने दाखवलेला. शास्त्रीय कारणं, उपाय, आणि शेवटी थोडं चिंतन : बाहेरून उजळ दिसणाऱ्या फळाच्या आत काय चाललंय ते कापल्याशिवाय कळत नाही, त्याला ऊन कधी लागलं ते आपण पाहिलेलं नसतं, म्हणून झाडाला बोल लावू नये. दुसऱ्या दिवशी दोन जणांनी नोंदवलेल्या पेट्या रद्द केल्या. मुलीचा बेंगळुरूहून फोन : बाबा, स्वतःच्या नासक्या मालाची जाहिरात कोण करतं? काका म्हणाले, "विषय चांगला होता गं."

काकांचं एक स्वप्न होतं. फार वेळा पुढे पाठवल्या गेलेल्या निरोपावर व्हॉट्सॲप दोन बाण उमटवतं. २०१८ मध्ये पाच जणांहून जास्त लोकांना एकदम पुढे पाठवायला भारतात बंदी आली, २०२० मध्ये दोन बाणवाला निरोप एका वेळी एकालाच पाठवता येईल असं झालं. सरकारला, कंपनीला त्या बाणांची भीती अफवांमुळे. काकांना त्या बाणांची आस. "आपल्या लेखावर एकदा दोन बाण बघायचेत," असं ते माझ्याजवळ बोलले होते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एक निरोप आला. उगवता सूर्य, कमळ, सुप्रभात, आणि खाली साक्याच्या पोस्टीतलं ते शेवटचं तीन-चार वाक्यांचं चिंतन. शब्द न् शब्द तोच. वर दोन बाण. काकांचं नाव नाही, फोन नंबर नाही, 'साका' हा शब्दसुद्धा नाही, आंबा नाही, नुसतं 'फळ'. आणि तळाशी ठळक अक्षरांत : व. पु. काळे.

व.पु. २००१ साली गेले. आपण काय काय लिहिलं ते मराठी फोनांवर रोज सकाळी वाचायला ते असते तर त्यांनाही करमणूक झाली असती. काकांनी ताबडतोब खुलासा टाकला : 'वरील मजकूर वपुंचा नसून माझा आहे. मूळ लेख साका या विकृतीवर आहे.' उत्तर आलं : 'वपुंचं साहित्य स्वतःच्या नावावर खपवू नका. वयाचा तरी विचार करा.' एकाने तर हा मजकूर वपुंच्या कुठल्या पुस्तकात आहे तेही सांगितलं. काकांनी ते पुस्तक वाचनालयातून आणून दोनदा चाळलं. नाही सापडलं, तेव्हा मला दाखवायला वर आले. चिडले असतील म्हणून मी चहा टाकला. ते फोन माझ्यापुढे धरून बसले होते. "कुणाला शंका आली नाही बघ," म्हणाले. "एकालाही. सगळ्यांना वपुच वाटले."

खुलासे त्यानंतर बंद झाले. उलट त्या सकाळपासून ते स्वतःच तो निरोप पुढे पाठवू लागले, वपुंच्या नावासकट, एका वेळी एकाला.

आणि या सगळ्यानंतर यंदा ते घडलं. मेचा शेवट, पेट्या संपलेल्या, अढी आवरलेली. दुपारी तीनला बेल वाजली. दारात हडपसरहून आलेले एक अनोळखी गृहस्थ, घामाघूम, हातात कापडी पिशवी. म्हणाले, फेसबुकवर तुमचं वाचून आलो, नूतन झेल्यावरचं. दोन डझन हवे होते.

काका तसेच उभे राहिले. मग त्यांनी गृहस्थांना आत घेतलं, पंखा पाचवर केला, काकूंना हाक मारली. 'अगं, वाचून आलेत!' हे बी विंगच्या दोन मजल्यांनी ऐकलं. सरबत आलं. झेल्यापासून सुरुवात झाली आणि गाडी मोहोरावर गेली, तिथून पाच जिल्ह्यांवर. गृहस्थांनी पालघरवर शंका काढली, तेव्हा काका आतून छापलेले भाग घेऊन आले (छापतात ते, घरच्या प्रिंटरवर). चहा झाला. साडेचारला गृहस्थांनी चाचरत विषय काढला : आंब्यांचं काय? काकू म्हणाल्या, अहो, आंबे तर पंधरा दिवसांपूर्वीच संपले. मग त्यांनाच वाईट वाटलं. घरासाठी ठेवलेले सहा पायरी आंबे होते, ते त्यांनी त्या पिशवीत घातले, आणि पैसे घ्यायला नको म्हणाल्या. ते गृहस्थ लिफ्टशी पोचले तरी काका त्यांना भाग सहाबद्दल सांगतच होते. फोन नंबर कुठल्या नावाने साठवला तेही बघून घेतलं.

रात्री साडेअकराला आमच्या सगळ्यांच्या फोनवर पोस्ट आली. मथळा होता : 'आज एक वाचक घरी आले होते, भाग १'.